दारातली धायटी

माहेर पन्हाळ्याच्या बाजूचं, त्यामुळं धायटी लहानपणापासून ओळखीची. जानेवारी-फेब्रुवारीत डोंगरउतारावरचं गवत वाळून गेलेलं असतं आणि त्यातनं या झुडपाच्या वाकलेल्या फांद्या लालभडक फुलांनी भरून येतात. कोल्हापुरात घर बांधलं तेव्हाच ठरवलं होतं, दारात धायटी लावायची.

तीन नर्सऱ्या फिरले. एकानं सरळ विचारलं, "ती डोंगरातली? ती कोण विकत घेतंय वो?" आणि बोगनवेल पुढं केली. शेवटी भावाला सांगितलं. आमच्या बांधावरच्या झुडपाची बोंडं एप्रिल-मेमध्ये वाळली, तेव्हा त्यानं कागदाच्या पुडीत बी आणून दिलं. "ताई, बी कसलं, तपकीर हाय नुसती. शिंकू नकोस म्हणजे झालं."

खरंच तपकीर. पहिल्या खेपेला मी शिस्तीत बोटभर मातीखाली पेरलं आणि काहीच उगवलं नाही. इतक्या बारीक बियाला एवढी माती फोडून वर यायची ताकद कुठली? दुसऱ्या खेपेला चाळलेली माती आणि वाळू कुंडीत भरून बी वरच भुरभुरलं, मातीनं झाकलं नाही. झारीच्या पाण्यानं ते वाहून जातं, म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल दिली. तीनेक आठवड्यांनी हिरवे टिपके दिसले.

त्यातली बरीच रोपं मीच मारली. सासरी ऊस. रोप म्हटलं की शेणखत आणि भरपूर पाणी, एवढंच आमच्या हाताला ठाऊक. बुंध्याशी कुजून एकेक रोप आडवं पडलं. दोन राहिली, तीही कुंडीच्या कडेला माझं लक्ष नव्हतं म्हणून.

मग अक्कल आली. धायटी वाढते ती मुरमाड, पाणी न धरणाऱ्या उतारावर, आणि आमच्या अंगणात काळी माती, पावसाळ्यात चिखल. जून 2023 मध्ये दोन फूट खड्डा काढून मुरूम आणि जांभ्याचे तुकडे भरले, वर वीतभर उंचवटा केला आणि दिवसभर ऊन लागेल अशा कोपऱ्यात एक रोप लावलं. दुसरं भावाला परत दिलं. दारातलं पावसाळ्यात सरसरून वाढलं.

त्या दिवाळीच्या साफसफाईत आत्तींनी कोयता चालवला. दारात रान नको, म्हणाल्या. सासूबाईंना काय बोलणार! पण पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवरच हिवाळ्यात फूल येतं. ते वर्ष असंच गेलं. आता छाटणी करायची ती फुलं संपल्यावर, पावसाच्या आधी.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर पाणी तोडलं. पानं लालसर पडून गळायला लागली, तेव्हा माझा जीव राहीना. नखानं साल खरवडून बघितली. आत हिरवं होतं. पाणी घालायला निघालेला हात मागं घेतला.

जानेवारीच्या शेवटी फांद्यांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या आल्या आणि आठवड्याभरात झुडूप पेटल्यासारखं झालं. जवळून बघितलं तर लाल दिसते ती पाकळी नव्हेच, ती बाहेरची, कळीला झाकणाऱ्या निदलांची नळी. पाकळ्या इतक्या बारीक की शोधाव्या लागतात. मधाला सकाळी सातलाच शिंजीर पक्षी हजर. आयुर्वेदात आसव-अरिष्ट ही औषधं आंबवायला हीच फुलं घालतात, ते मला माहीत होतं. आत्तींनी मात्र एक नळी खुडली आणि सरळ तोंडात धरून चोखली. "गुरं राखताना ह्येच खायचो आम्ही," म्हणाल्या, आणि दुसरी खुडली.

फांद्या खोचूनही रोप होतं का बघितलं. माझ्या पाचही वाळल्या. त्यामुळं यंदा परत बीच धरणार. शेजारच्या काकूंनी एक पुडी आत्ताच मागून ठेवलीय. द्यायला हरकत नाही, पण त्यांच्या नळाला आमच्यापेक्षा जास्त पाणी येतं, त्याचीच काळजी आहे.