तिसऱ्या वर्षाची नोंद: व्हाइटटेल, चितळ आणि किडनीवुडची तीन झुडपं

ऑगस्टचा शेवटचा आठवडा

हरणांची गणना झाली. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: आमची जागा टेक्सासच्या हिल कंट्रीत, किंबल काउंटीत आहे. बासष्ट एकर, चुनखडीची टेकडी आणि खाली एक ओढा. कुंपण बुटकं, म्हणजे हरणं येतात-जातात. एका व्हाइटटेलचा (हे इथलं मूळचं, पांढऱ्या शेपटीचं हरीण) वावर शेकडो एकरांचा असतो, त्यामुळे बासष्ट एकरांत मोजून हाती काही लागत नाही. म्हणून आम्ही पाच शेजारी मिळून मोजतो.

रीत अशी. गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, आधी कळवायचं, कारण रात्री प्रकाशझोत टाकत फिरणारी गाडी चोरट्या शिकाऱ्याचीच वाटते. पिकअपच्या मागे दोघांनी झोत घेऊन उभं राहायचं, एकाने लिहायचं. ठरलेल्या आठ मैलांच्या वाटेवर दर दशांश मैलाला दोन्ही बाजूंना किती अंतरापर्यंत दिसतं ते टिपलेलं असतं, त्यावरून ‘दिसलेली जमीन’ एकरांत काढायची. हेच तीन रात्री करून सरासरी घ्यायची. आमची दिसणारी जमीन २६० एकर भरते.

यंदाची सरासरी: व्हाइटटेल ३१. त्यात नर ६, माद्या १९, पाडसं ६. चितळ २२.

हो, चितळ. आपलंच. ताडोब्यात, पेंचमध्ये, नागझिऱ्यात पाहतो तेच ठिपक्यांचं चितळ. १९३२ साली ते टेक्सासात आणलं गेलं. आपलं काळवीटही त्याच काळात आलं. दक्षिण टेक्सासात रोही, म्हणजे नीलगायही आहे. पहिल्या वर्षी ओढ्याकाठी चितळांचा कळप दिसला तेव्हा मी गाडी थांबवून रडले होते. नागपूर सोडून सतरा वर्षं झाली होती.

कॉलेजात असताना बुद्धपौर्णिमेच्या रात्री नागझिऱ्यात मचाणावर बसून पाणवठ्यावरची गणना केली होती. तिथे आपण बसून राहायचं आणि जनावरं येतात. इथे आपण हिंडायचं आणि डोळे चमकले की थांबायचं. मोजणाऱ्यांसाठी एक सूचना: चमकणाऱ्या डोळ्यांवरून व्हाइटटेल की चितळ ते सांगता येत नाही, दुर्बीण लावाच. चितळाचे ठिपके जन्मभर राहतात, व्हाइटटेलचे फक्त पाडसपणी. ऑगस्टमध्ये व्हाइटटेलची पाडसं अजून ठिपक्यांची असतात आणि चितळांची पाडसं तर बाराही महिने जन्मतात, म्हणून घोटाळा होतो. शंका आली की आई कोण ते बघायचं.

आता हिशोब. नुसतं व्हाइटटेल धरलं तर साधारण साडेआठ एकरांमागे एक. चितळ मिळवलं तर पाच एकरांमागे एक. राज्याच्या वन्यजीव खात्याची जीवशास्त्रज्ञ येऊन जमीन पाहून गेली (ही भेट फुकट असते, जरूर घ्या). तिने आमच्यासारख्या जमिनीला, दोन्ही जाती धरून, बारा एकरांमागे एकच हरीण झेपेल असा आकडा दिला आहे. एकोणीस माद्यांमागे सहा पाडसं, हेही कमीच.

सप्टेंबर

आकड्यांपेक्षा मला पिंजऱ्यांवर जास्त विश्वास आहे. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये हरणं आवडीने खातात त्या किडनीवुडच्या तीन झुडपांभोवती तारेच्या जाळीचे पाच फूट उंच पिंजरे घातले. प्रत्येक पिंजऱ्याबाहेर तेवढंच दुसरं झुडूप निवडून त्याला फीत बांधली. आज आतलं झुडूप माझ्या खांद्याला लागतं. बाहेरचं गुडघ्याएवढं आहे, आणि कुरतडून कुरतडून खुरट्या झाडूसारखं झालंय.

व्हाइटटेल म्हणजे गाय नव्हे. ते मुख्यतः झुडपांचा पाला, कोवळे शेंडे, रानफुलांची रोपं आणि ओकची फळं खातं. राठ झालेलं गवत त्याला पचत नाही. म्हणून कुरण हिरवं दिसलं तरी हरीण उपाशी असू शकतं. कोणतं झाड खाल्लं जातंय ते पाहिलं की कळतं. किडनीवुड, रानतुती, स्पॅनिश ओक ही पहिल्या पसंतीची. लाइव्ह ओक, हॅकबेरी, एल्म दुसऱ्या पसंतीची. अगारिटा, पर्सिमन आणि सीडर (म्हणजे अॅश ज्युनिपर) अगदी शेवटची. शेवटच्या रांगेतल्या झाडांवर दातांच्या खुणा दिसल्या की समजायचं, जमिनीवर भार फार झालाय. आमच्याकडे लाइव्ह ओकची खालची चार फूट कात्रीने कापल्यासारखी साफ आहेत आणि आता पर्सिमनचेही शेंडे गेलेत.

पहिल्या वर्षी मी हे सगळं न पाहता मक्याचा फीडर (हरणांना मका टाकणारं यंत्र) लावला होता. दिसायला छान वाटायचं, रोज संध्याकाळी वीस-पंचवीस जनावरं. पण मक्यात प्रथिनं जेमतेम आठ टक्के. रानडुकरं आणि रकून आले, आणि फीडरभोवतीची झुडपं सगळ्यात आधी संपली. शिवाय एकाच जागी तोंडाला तोंड लावून खाणं रोगाला आमंत्रण. टेक्सासात २०१२ पासून हरणांना झिजवून मारणारा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा रोग आढळतोय. फीडर काढला. ज्यांना नवीन जागा मिळाली आहे त्यांनी पहिला पैसा फीडरवर घालू नये, हे मी मनापासून सांगते.

ऑक्टोबर

हरणांच्या आवडीच्या झाडांना जागा व्हावी म्हणून सीडर तोडायला सुरुवात. दीड एकर झाला. या झाडाचं बरं हे की सर्वात खालच्या हिरव्या फांदीच्या खाली कापलं की पुन्हा फुटत नाही, औषध मारावं लागत नाही. लॉपर (लांब दांड्यांची कात्री) आणि हातकरवत पुरते. कापलेल्या फांद्या उघड्या जमिनीवर पसरून ठेवते. माती धुपत नाही, आणि त्यांच्या आडोशाला उगवलेल्या रोपांपर्यंत हरणाचं तोंड पोचत नाही. फुकटचा पिंजराच.

सालीच्या चिंध्या सुटलेली जुनी सीडरं मात्र ठेवली. सोनेरी गालाचा वॉर्बलर हा पक्षी जगात फक्त मध्य टेक्सासात घरटी करतो आणि घरट्याला हीच साल वापरतो. मार्चपासून उन्हाळाभर त्या भागात करवत बंद. आणि फेब्रुवारी ते जून ओकला जखम करायची नाही, ओक विल्ट या रोगाची बुरशी तेव्हा पसरते. एरवीही कापलेल्या जागी लगेच रंग लावायचा.

नोव्हेंबर

ही नोंद लिहायला वेळ लागला.

केर काउंटीत राज्याचं एक संशोधनक्षेत्र आहे. १९७१ साली तिथे ९६ एकरांच्या कुंपणात सहा व्हाइटटेल आणि सहा सिका हरणं सोडली होती. सिकाही बाहेरून आणलेलं, चितळासारखंच पाला आणि गवत दोन्ही खाणारं. दशक संपेपर्यंत सिकांचा मोठा कळप झाला आणि व्हाइटटेल एकही उरलं नाही. भांडण नाही, हल्ला नाही. पाला दोघांनी मिळून संपवला, मग सिका गवताकडे वळलं आणि व्हाइटटेलला वळता आलं नाही.

चितळाला मी परकं मानू शकत नाही. पण ताडोब्यात त्याच्यामागे वाघ आहे, बिबट्या आहे, रानकुत्री आहेत. इथे लांडगे कधीच संपले, कोयोटी फार तर पाडसं उचलतो. शेजारचे आजोबा, ज्यांच्या कुटुंबाने तीन पिढ्या इथे मेंढ्या चारल्या, सांगतात की २०२१ च्या फेब्रुवारीतल्या गोठवणाऱ्या थंडीत चितळं ढिगाने मेली. थंडीची त्यांना सवय नाही. पण थोड्याच वर्षांत कळप पुन्हा भरले.

व्हाइटटेलचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारपासून जानेवारीच्या पहिल्या रविवारपर्यंत. चितळाला हंगाम नाही, निर्णय जमीनमालकाचा. आम्ही पाचही घरांनी ठरवलं: यंदा चितळाच्या माद्या कमी करायच्या. नर मारून शिंगं भिंतीवर लागतात, कळप कमी होत नाही.

डिसेंबर

९ तारखेला पहिली मादी. गोळी आजोबांच्या नातवाने चालवली. मी शेजारी उभी राहिले, परवानगी माझी होती म्हणून. एकाच गोळीत गेली. तिच्या अंगावर हात ठेवला तेव्हा ती अजून गरम होती.

रात्री आईचा फोन. “चितळ मारू दिलंस तू?” मी तिला अंदमानचं सांगितलं. इंग्रजांनी तिथे सोडलेली चितळं, शिकारी प्राणी नाही, आणि कोवळी रोपं चरली गेल्याने नवं जंगल उभं राहायला होणारी अडचण. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मांस वाया घालवू नको.” घातलं नाही. पाच घरांत वाटलं. आमच्याकडे सावजी मसाल्यात शिजवलं. चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे मंद आचेवर भरपूर वेळ द्यावा लागतो.

फेब्रुवारी

एकूण: चितळ माद्या ११, नर ३. व्हाइटटेल माद्या ४, रीतसर टॅग लावून. प्रत्येकाचं वजन, खालच्या जबड्याच्या दातांच्या झिजेवरून वय आणि मूत्रपिंडाभोवतीची चरबी लिहून ठेवली. साफ केलेल्या व्हाइटटेल मादीचं सरासरी वजन ६१ पौंड, मागच्या वर्षी ५८. चार जनावरांवरून मी काही ठरवणार नाही, पण यंदा चौघींच्याही मूत्रपिंडाभोवती चरबी होती, मागच्या वर्षी दोघींच्याच.

मालमत्ता कराच्या वन्यजीव सवलतीचा अहवालही पाठवला. ठरलेल्या सात कामांपैकी तीन दाखवावी लागतात. आमची गणना, अधिवास आणि पाणी. सीडर तोडणं अधिवासात धरलं जातं.

एप्रिल, दुसरा आठवडा

पिंजऱ्याबाहेरच्या तीन किडनीवुडांवरचे वीस शेंडे मी दरवर्षी रंगीत दोऱ्याने खुणावते. मागच्या एप्रिलात वीसपैकी एक शाबूत होता. आज सात आहेत. त्यातल्या एका झुडपाला, उत्तरेच्या उतारावरच्या, पाचही शेंड्यांना नवी पानं. मी तिथेच खडकावर बसून चहा प्यायले.

पाऊस बरा झाला होता, त्याचाही हात असणार. पण पाऊस पिंजऱ्याच्या आत-बाहेर सारखाच पडतो, आणि आत-बाहेरचा फरक पहिल्यांदाच कमी झालाय. चौथा पिंजरा ओढ्याकाठी, रानतुतीच्या रोपाभोवती घालतेय. मे-अखेरीपासून पाडसं येतील. तेव्हापासून ओढ्याकाठच्या उंच गवतात कुणी जायचं नाही, कुत्रीही बांधून ठेवायची, असं पाचही घरांना सांगून झालंय.