आजीचं गुंतवळ आणि कोर्टातला केस

आजी विंचरून झालं की कंगव्यातलं गुंतवळ बोटाला गुंडाळायची, त्यावर तीनदा थुंकल्यासारखं करायची आणि दाराच्या मागे फटीत खोचून ठेवायची. अंगणात टाकायचं नाही म्हणजे नाही, कोणी करणी करेल, आणि बरंच साठलं की केसांवर भांडी देणारी बाई यायची तिला द्यायचं. मी फॉरेन्सिकला ॲडमिशन घेतली तेव्हा आजीला सांगितलं होतं की आम्हाला केस बघून माणूस ओळखायला शिकवणारेत. मला खरंच तसं वाटत होतं.

पहिल्या प्रॅक्टिकलला आम्ही स्लाइडवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर दिला, त्यावर केस ठेवला, वाळल्यावर हळूच उचलला, आणि मागे त्याचा ठसा राहिला. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर कौलारू घराचं छप्परच, एकावर एक चपटी कौलं, सगळ्यांची तोंडं केसाच्या टोकाकडे. हे क्युटिकल, म्हणजे केसाचं बाहेरचं आवरण. मग मांजराचा केस घेतला तर तिथे पाकळ्यांसारखे टोकदार खवले, आणि उंदराचा म्हणजे एकात एक रचलेल्या वाट्या. मी किती वेळ डोळा काढलाच नाही तिथून, मागचे ओरडायला लागले.

क्युटिकलच्या आत कॉर्टेक्स, म्हणजे केसाचा मुख्य थर, रंगाचे कण त्यातच असतात, आणि मधोमध मेड्युला, म्हणजे ज्वारीच्या ताटात भेंड असतो ना तसा. माणसाच्या केसात हा भेंड बारीक असतो, केसाच्या जाडीच्या एक तृतीयांशाहूनही कमी, बऱ्याचदा तुटक किंवा नसतोच. प्राण्यांच्या केसात बहुतेक वेळा तो अर्ध्याहून जास्त जागा खातो. म्हणून केस माणसाचा की जनावराचा हे नीट बघितलं तर कळतं. डोक्याचा की दाढीचा, डाय केलेला का, आपोआप गळला की उपटला गेला, हेही बऱ्यापैकी कळतं.

पण कोणाचा? मॅडमनी दोन केस दिले, मी रंग, जाडी, मेड्युला सगळं जुळवलं आणि जर्नलमध्ये लिहिलं, "दोन्ही केस एकाच व्यक्तीचे आहेत." त्यांनी लाल पेनने "आहेत" खोडून "असू शकतात" केलं. मला राग आला होता तेव्हा. नंतर माझ्याच डोक्यावरचे दोन केस घेतले, एक कानामागचा, एक टाळूवरचा, तर ते एकमेकांशी जुळेनात.

त्या लाल पेनची किंमत मला सँटे ट्रिबलची केस वाचल्यावर कळली. वॉशिंग्टनमध्ये १९७८ ला एका टॅक्सी ड्रायव्हरचा खून झाला, खुन्याने तोंडावर स्टॉकिंगचा मुखवटा घातला होता, तो मुखवटा पोलिसांना सापडला आणि त्यात केस होते. आरोपी ठरवलेला ट्रिबल तेव्हा १७ वर्षांचा. त्या रात्री तो आईच्या घरी झोपला होता असं तो आणि बाकीचे सांगत राहिले. एफबीआयच्या तज्ज्ञाने सांगितलं की मुखवट्यातला एक केस ट्रिबलच्या केसाशी जुळतो, आणि सरकारी वकिलाने ज्युरीला सांगितलं की दुसऱ्या कोणाचा असण्याची शक्यता एक कोटीत एक. हा आकडा कुठून आणला? अशी मोजणी कोणी केलेलीच नव्हती, किती लोकांचे केस मायक्रोस्कोपखाली सारखे दिसतात याचा हिशोब कुठेच नाही!

त्याची सुमारे २८ वर्षं तुरुंगात गेली. २०१२ मध्ये त्या मुखवट्यातल्या १३ केसांची डीएनए तपासणी झाली, एकही त्याचा निघाला नाही. एक तर कुत्र्याचा होता. कुत्र्याचा! जे आम्ही पहिल्या प्रॅक्टिकलला ओळखायला शिकतो ते. मला त्या रात्री झोप लागली नाही, खरं सांगते.

आणि हा एकटाच नाही. २०१५ मध्ये एफबीआयने स्वतःच कबूल केलं की तपासलेल्या २६८ खटल्यांपैकी २५७ मध्ये त्यांच्या तज्ज्ञांची केसांबद्दलची साक्ष चुकीची किंवा अतिरंजित होती. त्यात फाशीची शिक्षा झालेलेही होते, काहींना ती देऊनही झाली होती. माझं म्हणणं एवढंच की केस खोटं बोलला नव्हता, "असू शकतो" च्या जागी "आहे" म्हणणारी माणसं चुकली.

आता डीएनए आहे पण त्यातही मेख आहे. नेहमीचा डीएनए मुळाला चिकटलेल्या जिवंत पेशीत असतो, उपटलेल्या केसाला त्या येतात, आपोआप गळलेल्याला बहुधा नाही, त्याचं मूळ वाळून गाठीसारखं झालेलं असतं. म्हणजे आजीचं सगळं गुंतवळ या कामाला फारसं उपयोगाचं नाही, मी तिला सांगितलं तर म्हणाली असू दे, तरी अंगणात टाकू नकोस. केसाच्या दांडीत मात्र मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या बारीक भागांचा, डीएनए मिळतो. तो फक्त आईकडून येतो, आई, भावंडं, मावशी सगळ्यांचा साधारण सारखाच, त्यामुळे त्याने "हाच तो" असं सांगता येत नाही, पण "हा तो नाही" हे ठामपणे सांगता येतं.

ट्रिबलला त्यानेच निर्दोष ठरवलं, त्याच्या आईकडून आलेल्या डीएनएने.