चारही बाजू १२०, तरी ओटा तिरका

तुळशीच्या लग्नाआधी चौकातला नवा ओटा पुरा करायचाच, असं आईने ठरवलं होतं. ग्वाल्हेरला लष्कर भागात आमचं जुनं घर आहे. दगडी वृंदावनाची बैठक ६० सेंमी चौरस, म्हणून ओटा १२० सेंमीचा आणि वर ३० सेंमीच्या फरश्या, असा हिशेब होता. सुतळी मीच लावली. चारही बाजू टेपने मोजल्या, प्रत्येक बरोबर १२०. मिस्त्रींनी विटांचा पहिला थर रचला.

दुपारी कोपऱ्यात एक फरशी कोरडीच ठेवून पाहिली. तिची एक कड थराच्या कडेला चिकटून बसली, दुसऱ्या कडेला मात्र पाचरीसारखी फट राहिली, टोकाला जवळजवळ दोन सेंमी. मिस्त्री म्हणाले, "बाईजी, फरसी तो सीधी है, ओटा टेढ़ा है." मी पुन्हा टेप लावला. पुन्हा १२०!

तेवढ्यात नववीतला भाचा शाळेतून आला. "आत्या, कर्ण मोजलेस का?"

नव्हते मोजले. एक निघाला १७५ सेंमी, दुसरा १६४ च्या जरासा वर. सारख्या लांबीच्या चार पट्ट्या टोकांना एकेका खिळ्याने जोडा आणि कोपरा ढकला: बाजू तेवढ्याच राहतात, चौकट मात्र कलते. माझ्या ओट्याचं तेच झालं होतं. तो समभुज चौकोन होता. बाजूंबरोबर दोन्ही कर्णही सारखे भरले, तरच कोपरे काटकोनात येतात आणि चौरस होतो.

थर उकलला. दुसऱ्या दिवशी कर्णापासूनच सुरुवात केली. चौरसाचा कर्ण म्हणजे बाजू गुणिले दोनचं वर्गमूळ, १२० ला १६९.७ सेंमी. (बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदींच्या मोजमापाच्या प्राचीन ग्रंथात, या वर्गमुळासाठी ५७७/४०८ इतका नेमका अपूर्णांक निघतो. यज्ञवेदी दोरीनेच आखायच्या, त्यामुळे ते गणित त्यांच्या रोजच्या कामाचं होतं. हे वाचून मला फार बरं वाटलं.) सुतळी ताणली की लांबते, म्हणून नायलॉनची दोरी आणली. १६९.७ वर दोन खुंट्या ठोकल्या. दोन्हीकडून १२०-१२० च्या दोऱ्या ताणल्या, त्या जिथे भेटल्या तो तिसरा कोपरा. तसंच दुसऱ्या बाजूला चौथा. मग उरलेला कर्ण मोजला: १६९.५. एक खुंटी किंचित सरकवली, पुन्हा चारही बाजू आणि दोन्ही कर्ण ताडून पाहिले. तेव्हा कुठे मिस्त्रींना हाक मारली.

चौरसाचे कर्ण एकमेकांना मधोमध छेदतात, म्हणून वृंदावनाची जागा वेगळी मोजावी लागली नाही. ओटा बांधून झाल्यावर कोपऱ्या-कोपऱ्यातून दोऱ्या ताणल्या, छेद पडला तिथे आईने गेरूचं बोट टेकवलं. वृंदावन बसल्यावर चहूबाजूंनी ३० सेंमी उरले. तिथे १२ फरश्या बसल्या, एकही कापावी लागली नाही.