ऑपरेशननंतर वजन तर उतरतंच, मग व्यायाम कशासाठी आणि कुठला?

वजनाचं ऑपरेशन झालं की पहिले सहा-आठ महिने वजन उतरतच असतं, व्यायाम केला तरी आणि नाही केला तरी, त्यामुळं बऱ्याच जणांना वाटतं की आता चालायबिलायचं कशाला, काटा तर खाली येतोयच की. मला नेमकं ह्याच्याबद्दल लिहायचंय. माझं स्लीव्ह झालंय, म्हणजे जठराचा साधारण पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्तच काढून टाकतात आणि एक बारीक नळीसारखी पिशवी उरते, दोन-चार चमचे खाल्लं की पोट भरतं. आता इतकं कमी पोटात जातंय म्हटल्यावर शरीर साठवलेली चरबी काढतं ते चांगलंच आहे, पण चरबीबरोबर ते मांसही मोडून खातं, घरात नड आली की रद्दीबरोबर दागिनेही विकायला काढावेत तसं. काट्याला काय कळणार त्यातली रद्दी किती आणि दागिने किती, तो नुसता किलो दाखवतो. म्हणून ऑपरेशननंतरचा व्यायाम हा वजन उतरवायला नसून आपलं मांस आणि हाडं राखायला आहे, आणि हे एकदा डोक्यात बसलं की कुठला व्यायाम निवडायचा हे आपोआप सोपं होतं.

मांस गेलेलं पहिल्यांदा कळतं ते मांडीत. जमिनीवर बसून भाजी निवडायची आणि हात न टेकता उठायचं, जमत नाही. वजन तर कमी झालंय, मग उठायला जड का जातंय, असं वाटतं, तर ते ह्यामुळं.

सुरुवात मात्र दवाखान्यातच होते. ऑपरेशन झाल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी उठवून चालवतात, कारण पडून राहिलं की पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी व्हायची भीती असते आणि ती गाठ फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. सोबत ते तीन रंगीत बॉलचं यंत्र देतात, नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा आणि बॉल वर उचलून धरायचे, फुंकायचं नाही, ओढायचं. कंटाळवाणं वाटतं पण फुप्फुसं मोकळी राहायला तेच लागतं. आमच्या फिजिओ मॅडम कन्नड, मराठी छान बोलायच्या पण घाईत असल्या की "निधानक्के अक्का, निधानक्के" (सावकाश ताई, सावकाश) म्हणत कॉरिडॉरमधून माझ्या शेजारून चालायच्या, सलाईनचा स्टँड त्यांच्याच हातात. व्यायामाचं जे काही मला आज कळतं त्यातलं बरंचसं त्यांनीच शिकवलंय.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे फक्त चालणं. पण एका दमात नाही, दिवसातून चार-पाच वेळा पाच-दहा मिनिटं, घरातल्या घरात, गच्चीवर, गल्लीच्या टोकापर्यंत. आमच्या बेळगावातल्या वडगावात गल्लीत चालायला लागलं की प्रत्येक दारातून कुणीतरी विचारणार, "काय गे, किती वाळलीस, काय खाऊलालीस का न्हाई?" त्यांना प्रेमानं उत्तर द्यायचं आणि पुढं चालायचं. बोलता येतंय ना हे बघायची तीच परीक्षा आहे बघा, चालताना सलग बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणायला गेलं तर दम लागला पाहिजे, म्हणजे वेग बरोबर आहे. बोलतानाच धाप लागत असेल तर कमी करा.

जड उचलायचं नाही, हे सगळेच सांगतात पण जड म्हणजे किती हे बायकांना कुणी नीट सांगत नाही. चार ते सहा आठवडे साधारण पाच किलोच्या वर काही नको, असं बहुतेक डॉक्टर सांगतात. आता हिशोब करा, पाण्याची भरलेली मोठी बादली पंधरा-वीस किलोची, भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास (आत गॅसच १४.२ किलो असतो, वरून लोखंडाचं वजन), कुकरभर आमटी आणि वर्षाचं पोर कडेवर हे सुद्धा त्यातच आलं. टाके वरून सुकले तरी आतला स्नायूचा थर भरायला वेळ लागतो आणि जोर पडला तर तिथं हर्निया होऊ शकतो. आमच्याकडं मंगाईच्या यात्रेला पाहुण्यांचा जो राबता असतो तो ज्यांना माहिती आहे त्यांना कळेल की मोठी पातेली न उचलणं किती अवघड आहे. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, स्पष्ट सांगा, लाजू नका.

आता गुडघे. माझ्यासारख्या बऱ्याच जणींचे ऑपरेशनच्या आधीच गुडघे गेलेले असतात, वर्षानुवर्षं वजन पेलून झिजलेले. वजन १ किलो कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोनं हलका होतो, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. म्हणजे २० किलो उतरले तर दर पावलाला ८० किलोचा फरक! पण झीज झालेली आहे ती आहेच, ती भरून येत नाही, म्हणून उड्या मारायचे, धावायचे, झुंबाचे, दोरीवरचे प्रकार इतक्यात नकोत. लो-इम्पॅक्ट म्हणजे एवढंच की पाय जमिनीवर आपटायचा नाही, एक पाय कायम टेकलेला असावा नाहीतर वजन सीटनं, पाण्यानं उचललेलं असावं. ह्याचा अर्थ हलकाफुलका व्यायाम असा नाही, हे मला ठासून सांगायचंय. सांध्याला हलका आणि स्नायूला जड, असा पाहिजे.

चालायला जागा कुठली ह्यानंही फरक पडतो. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो मला सगळ्यात आवडतो, मातीची वाट, झाडं, सकाळी पक्षी, आणि मातीवर पाय आपटत नाही. किल्ला तलावाच्या काठानंही बरं आहे, सपाट आहे आणि दमलं की बसायला मिळतं, सुरुवातीला ते फार महत्त्वाचं. शहापूर-वडगावच्या रस्त्यावर मात्र खड्डे, गाड्या आणि कुत्री ह्यांच्यातून चालताना लक्ष चालण्यात राहत नाही. बुटांचं एक सांगते, वजन उतरल्यावर पावलाचं मापही कमी होतं, जुने बूट ढिले पडतात आणि ढिल्या बुटात पाय मुरगळतो, तर सहा महिन्यांनी एकदा मोजून नवे घ्या.

आता खरा मुद्दा, नुसत्या चालण्यानं मांस राखलं जात नाही. चालणं हृदयाला, शुगरला, मनाला उत्तम, पण स्नायूला ओझं पाहिजे. ऑपरेशनला सहा-आठ आठवडे झाले आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा सुरू करायचे. जिमच पाहिजे असं काही नाही. मला मॅडमनी शिकवलेला पहिला व्यायाम म्हणजे खुर्चीवरून उठणं-बसणं, आणि ते दिसतं तितकं सोपं नाही. खुर्ची लाकडी घ्यायची, प्लास्टिकची फरशीवर सरकते, आणि खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवायची. पुढच्या कडेला सरकून बसायचं, पायात कंबरेएवढं अंतर, टाचा गुडघ्याच्या किंचित मागं, हात छातीवर. मग कंबरेतून पुढं वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढं जाईपर्यंत, आणि टाचांवर जोर देऊन उठायचं. उठताना गुडघे एकमेकांकडं आत झुकू द्यायचे नाहीत. आणि बसताना धपकन् नाही, मनात एक-दोन-तीन म्हणत हळूहळू, कारण मांडीचं खरं काम खाली येतानाच होतं. आठ-दहा वेळा, मग जरा थांबून परत आठ-दहा. सुरुवातीला हाताचा आधार घ्या, उशी घालून खुर्ची उंच करा, काही बिघडत नाही. सोपं वाटायला लागलं की दोन्ही हातात किलो-किलोची डाळीची पाकिटं धरून करा. काही आठवड्यांनी एक दिवस मी जमिनीवरून हात न टेकता उठले, आणि सासूबाई लगेच म्हणाल्या, "आता बघ की, कशी उठलीस!" त्यांच्या लक्षात आलं ह्याचाच मला जास्त आनंद झाला.

त्याच्या जोडीला भिंतीवर हात ठेवून दंड, आणि रबरी बँड. बँड खिडकीच्या गजाला बांधायचा, दोन्ही टोकं धरून कोपरं मागं ओढायची, पाठीची दोन्ही फावडी, म्हणजे खांद्यामागची चपटी हाडं, जवळ आणायची. पाठ सरळ राहते. वजन उतरल्यावर शरीराचा तोल बदलतो, पोट पुढं असताना आपण मागं झुकून चालायची सवय लागलेली असते, ती मोडायला हे लागतं.

सायकल आणि पोहणं ह्याबद्दल पण विचारतात. आमच्याकडं जून ते सप्टेंबर असा पाऊस असतो की खानापूरच्या बाजूला तर घराबाहेर पडायची सोय नाही, तेव्हा घरातली बसून चालवायची सायकल खरोखर उपयोगी. सीटची उंची अशी ठेवा की पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, सीट खाली ठेवली तर गुडघा दुखणारच. पाठीला टेकू असलेली मिळाली तर सुरुवातीला आणखी बरं. पाण्याचा व्यायाम गुडघ्यांना स्वर्ग आहे, छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायावर वजनाचा तिसरा हिस्साच येतो. पोहता आलंच पाहिजे असं नाही, पाण्यात नुसतं पुढं-मागं चाललं तरी पाण्याचा रेटा मांड्यांना व्यायाम देतो. मात्र जखमा पूर्ण भरल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. आपल्याकडं गोवावेसला पोहायचा तलाव आहे, बायकांची वेगळी वेळ असते का ते आधी विचारून घ्या. पण एक लक्षात ठेवा, सायकल आणि पाणी ह्यात हाडांवर भार येत नाही. ह्या ऑपरेशननंतर हाडं विरळ व्हायचा धोका असतो, विशेषतः बायपासमध्ये (हृदयाचं नव्हे, वजनाचंच दुसऱ्या प्रकारचं ऑपरेशन, त्यात जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात), कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी नीट शोषलं जात नाही. हाडाला भार मिळाला तरच ते टिकतं. म्हणून सायकल करा, पाणी करा, पण चालणं आणि खुर्ची-बँड सोडू नका.

योगासनांबद्दल जरा जपून. शरीर मोकळं करायला, श्वासाला छान, पण कपालभाती आणि पोटावर दाब येणारी आसनं सुरुवातीचे महिने नकोत. आणि स्लीव्ह झालेल्यांना बऱ्याचदा आंबट वर येतं, त्यामुळं डोकं खाली जाणारी आसनं केली की घशात जळजळ. शिकवणाऱ्यांना ऑपरेशनचं सांगितल्याशिवाय वर्गात बसू नका.

व्यायाम कितीही केला आणि प्रोटीन पोटात गेलं नाही तर मांस बनणार कशाचं? दिवसाला निदान ६० ग्रॅम तरी, असं साधारण सांगतात, आणि एका अंड्यात ६ ग्रॅम असतं, म्हणजे बघा किती लक्ष द्यायला लागतं. ताटात आधी अंडं, पनीर, मासा, घट्ट डाळ, आणि भाकरी-भात शेवटी जागा उरली तर. हुलग्याचं कढण मला सोसतं, संध्याकाळच्या चालण्यानंतर तेच घेते. कुंदा सोडावा लागला, बेळगावात राहून ते सोपं नाही, पण बायपासवाल्यांना तर गोडानं घाम, धडधड, चक्कर असं सगळं होऊ शकतं. पाणी एकदम गटागटा पिता येत नाही, त्यामुळं बाटली बरोबर ठेवून घोट-घोट दिवसभर, चालायला जायच्या आधीपासूनच. आणि ज्यांना शुगर-बीपीच्या गोळ्या आहेत त्यांनी डोस परत परत तपासून घ्या, वजन उतरतं तशी गरज कमी होते आणि जुनाच डोस घेऊन चालायला गेलं तर वाटेत डोळ्यापुढं अंधारी येते.

सुटलेल्या कातडीचं कुणी बोलत नाही म्हणून मीच बोलते. पोटाची घडी चालताना घासते, घामानं चिघळते, आणि त्या त्रासापायी कितीतरी जणी चालणं बंद करतात. आतून घट्ट, उंच कंबरेची पँट घाला, घडी कोरडी ठेवा, बाहेरून पंजाबी ड्रेस असो की साडी. लाजण्यासारखं त्यात काहीही नाही, ती आपण उतरवलेल्या ओझ्याची जागा आहे.

गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून आपल्या मनानं गोळी आणू नका. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्यांनी उरलेल्या पोटात अल्सर होऊ शकतो, बायपासमध्ये तर फारच धोका, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच विचारा. आणि एकाच पायाची पोटरी सुजली-दुखली, छातीत कळ आली, बसल्या जागी धाप लागली, ताप आला तर व्यायाम-बियाम राहू द्या, सरळ दवाखाना गाठा.

परवा एका मैत्रिणीनं विचारलं, येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढून गेलं तर चालेल का, तिचं ऑपरेशन होऊन वर्ष होत आलंय. चढायला हरकत नाही, सावकाश, थांबत थांबत. गुडघ्याला खरा मार उतरताना बसतो. रस्ता वरपर्यंत आहे, तेव्हा तिला म्हटलं, चढ पायी कर, उतरायला गाडी बोलव, आणि काही महिने खुर्चीचा व्यायाम नीट केलास की मग उतरायचं पण बघू. येत्या रविवारी पाऊस नसला तर आम्ही दोघी जाणार आहोत, कुणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा, फक्त बूट मापाचे घालून या.