मिगच्या पंखाची फट आणि माझे अकरा दिवस

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 चा निरोप समारंभ टीव्हीवर पाहिला आणि माळ्यावर धूळ खात पडलेला त्याच्या प्लॅस्टिक मॉडेलचा 1/72 चा (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढा) किट खाली काढला. आम्ही नाशिकचे. आमच्या ओझरला तयार झालेलं विमान आपल्या शोकेसमध्ये हवंच, असं त्या दिवशी फार वाटलं.

कॉकपिट आणि धड दोन संध्याकाळी उरकलं. मग उजवा पंख लावला, तर मुळाशी अर्ध्या मिलिमीटरची फट! अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, असं वाटेल. पण 72 ने गुणा. खऱ्या विमानात 36 मिलिमीटर, आरामात बोट जाईल.

ट्यूबमधली पुट्टी भरली, सकाळी घासली, हात फिरवला तर गुळगुळीत. प्राइमर मारला आणि केसाएवढी रेघ परत हजर. या पुट्टीतलं सॉल्व्हंट उडतं तशी ती आत बसत जाते. मग मी हट्टाने जाड थर दिला. वरून सुकला, आतून ओलाच. घासताना खपलीसारखा निघून आला. तिसऱ्या खेपेला रागारागात इतकं घासलं की शेजारच्या पॅनेलच्या रेषाही गेल्या. अकरा दिवस हेच. चूक सगळी माझ्या घाईची, पण तेव्हा शिव्या पुट्टीला.

शेवटी जमलं ते फेविक्विक आणि टाल्कम पावडरने. ("पावडरचा डबा तुमच्या टेबलावर कसा?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.) डब्याच्या झाकणावर दोन्ही कालवायचं आणि टूथपिकने फटीत भरायचं. हे आक्रसत नाही. मात्र तासाभरात घासा. रात्रभर ठेवलंत तर प्लॅस्टिकपेक्षा टणक होतं, मग आजूबाजूचं प्लॅस्टिक झिजतं आणि मधे उंचवटा राहतो. वॉटर पेपर खोडरबराला गुंडाळायचा, नुसत्या बोटाने घासलं की खड्डा पडतो. आधी 400 नंबरचा पेपर, मग 800, शेवटी 1200, पाणी लावून.

आणि हो, कॉकपिटची काच शेवटी लावा, तीसुद्धा फेविकॉलने. फेविक्विकच्या वाफेने ती पांढुरकी होते. मला चंदेरी रंग द्यायचा होता, जुन्या मिगसारखा, आणि चंदेरीखाली काही म्हणजे काही लपत नाही. म्हणून रंगाआधी सांध्यावर प्राइमर मारून ट्यूबलाइटखाली तिरकं धरून बघा.

खरं तर धड बंद करण्याआधीच पंख नुसता टेकवून पाहिला असता, तर आतून स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिचा) तुकडा आडवा लावून धड किंचित फाकवता आलं असतं. फट उरलीच नसती. हे सुचलं नवव्या दिवशी.

आता तो सांधा शोधूनही सापडत नाही. फक्त विमान शेपटीवर बसतं. नाकात वजन भरा, असं सूचनापत्रकाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं म्हणे. सध्या शेपटीखाली टूथपिकचा टेकू आहे.