जर्मनीत दाताची कॅप निघाली तर

निघालेली कॅप टिश्यूत गुंडाळून कचऱ्यात टाकू नका. धुऊन आतून बघा. आत पोकळी असेल तर बहुधा फक्त सिमेंट सुटलंय. दात शाबूत असेल तर साफ करून तीच कॅप एका भेटीत परत बसते. आत दाताचा तुकडा अडकलेला दिसला तर प्रकरण गंभीर, दातच हिरडीलगत मोडलाय. हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर दात उरला नसेल, तर आत पोस्ट (मुळात बसवायची खुंटी) घालूनही नवी कॅप फार टिकत नाही.

पोर्सेलिनचा नुसता टवका उडाला असेल तर तो घासून गुळगुळीत करतात किंवा कॉम्पोझिटने (दातासारख्या रंगाच्या फिलिंगने) भरतात. खालचा धातू उघडा पडला असेल तर ही डागडुजी लवकर सुटते, कारण कॉम्पोझिट धातूला तितकं धरत नाही.

फेव्हिक्विक तर नकोच. कॅप तिरकी चिकटली की काढताना दात मोडतो. भेट मिळेपर्यंत आपोथेकेतलं (औषधाच्या दुकानातलं) तात्पुरतं सिमेंट किंवा कवळीची चिकट क्रीम वापरा, पण रात्री कॅप काढून ठेवा; झोपेत श्वासनलिकेत जाऊ शकते. रूट कॅनल झालेला दात दुखत नाही, म्हणून महिनोन्महिने ढकलू नका. शेजारचे दात सरकतात आणि जुनी कॅप बसत नाही.

नवी कॅप लागली तर आधी 'हाइल-उंड-कोस्टेनप्लान', म्हणजे उपचार-खर्चाचा आराखडा, क्रांकेनकासेकडून (तुमच्या आरोग्य विमा कंपनीकडून) मंजूर होऊ द्या, काम त्यानंतर. पब्लिक इन्शुरन्स जे ६० टक्के देतो ते तुमच्या बिलाचे नसतात, ते ठरावीक साध्या उपचाराच्या दराचे असतात. मागच्या दाढांसाठी साधा उपचार म्हणजे धातूची कॅप. दातासारखा रंग, मधून मोजत, वरच्या जबड्यात पाचव्या आणि खालच्या जबड्यात चौथ्या दातापर्यंतच, तोही बाहेरच्या बाजूला. झिर्कोनियाची (पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप घेतली तरी अनुदान तेवढंच, वरचा फरक तुमच्या खिशातून. 'बोनुसहेफ्ट'मध्ये, म्हणजे दात-तपासणीच्या नोंदवहीत, सलग ५ वर्षं वार्षिक तपासणीची नोंद असेल तर ७० टक्के, १० वर्षं असेल तर ७५. जर्मनीत आलात त्या वर्षापासूनच नोंद करून घ्या, हे कुणी आठवण करून देत नाही.

क्रांकेनकासेशी करार असलेल्या डॉक्टरने बसवलेल्या कॅपला २ वर्षांची हमी असते. सुट्टीत पुण्यात बसवून आणलेलीला इथे ती नाही. तिकडेच करायची असेल तर परतीच्या विमानाआधी निदान आठवडा हातात ठेवा. कॅप किंचित उंच बसल्याचं चार दिवस जेवल्यावरच कळतं. एक्स-रे आणि कॅप कशाची आहे याची चिठ्ठी सोबत आणा.