छापलेल्या तारखा आणि आमचं होमस्कूलिंगचं वर्ष

होमस्कूलिंगचं, म्हणजे मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवायचं, वर्ष आखताना विषय ठरले, पुस्तकं आली, कपाटाचा एक कप्पा रिकामा झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही. गाडं अडलं ते एका तयार नियोजन-वहीपाशी. चांगली नावाजलेली वही होती, नाव घेत नाही. प्रत्येक पानावर सोमवार ते शुक्रवार, वारांखाली विषयांचे चौकोन आणि प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात छापलेली तारीख. त्या तारखांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

मुलं दोन. मोठा सात वर्षांचा, धाकटी पाचची. या वयाच्या मुलांचा आठवडा कसा जातो हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ती वही नक्कीच बनवलेली नाही. एकाला ताप आला की तो उतरेपर्यंत दुसरं आजारी पडतं. एखाद्या सकाळी मुंग्यांची रांग सापडते आणि ती कुठून कुठे जाते हे पाहण्यात सगळी सकाळ संपते. वहीत मात्र बुधवारचा गणिताचा चौकोन रिकामा. तो गुरुवारवर ढकला, गुरुवारचा शुक्रवारवर, शुक्रवारचा पुढच्या पानावर, जिथे आधीच काहीतरी लिहून ठेवलेलं. पेन्सिलीने लिहा, असा सल्ला सगळे देतात. अहो, पेन्सिलीनेच लिहिलं होतं! खोडून खोडून कागद फाटायला आला.

त्यातच हातच्याची वजाबाकी उगवली. वहीत तिला एक आठवडा दिलेला. आमचे चिरंजीव ५२ मधून २७ वजा करताना दोनातून सात जात नाहीत म्हणून खुशाल सातातून दोन काढायचे आणि उत्तर लिहायचे ३५. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधल्या, एक जुडी सोडून तिच्या सुट्या काड्या दोनात मिसळून दाखवल्या. "हां, कळलं!" दुसऱ्या दिवशी पुन्हा ३५. यात नवल काही नाही, या वयात बरीच मुलं नेमकी हीच चूक करतात. दशक सुटा करायची कल्पना मुरायला वेळ लागतो. पण वही तोवर गुणाकारावर पोचलेली. मूल शिकत होतं आणि कागदावर आम्ही 'मागे' पडलो होतो. कोणाच्या मागे? छापखान्याच्या!

नवरा म्हणाला, "अगं, बंद कर ती वही." बंद करून भागणार नव्हतं, कारण पुस्तक वर्षात संपेल की नाही ही धाकधूक तशीच होती. म्हणून मी सरळ आकडेमोड केली. गणिताच्या पुस्तकात धडे १२०. शाळेचं वर्ष बऱ्याच ठिकाणी १८० दिवसांच्या आसपास असतं, म्हणजे पाच दिवसांचे ३६ आठवडे. १२० भागिले ३६. आठवड्याला साडेतीन धडेसुद्धा होत नाहीत! चार घेतले तर पुस्तक ३० आठवड्यांत संपतं आणि सहा आठवडे हातच्यासारख्या हट्टी प्रकरणांसाठी हातात राहतात. इतके दिवस ती वही पाचही वारांना गणिताचा चौकोन दाखवत होती, आणि रिकामा चौकोन दिसला की तो भरल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. चौथीतल्या मुलालाही येईल असा हा भागाकार, पण तो केल्याचा मला जो आनंद झाला तो परीक्षेत पहिली आले असते तरी झाला नसता. तुमच्याकडच्या प्रत्येक पुस्तकाचा हा भागाकार आधी करा, मग वेळापत्रकाकडे वळा.

पुढचं सोपं गेलं. सहा आठवडे अभ्यास आणि एक आठवडा सुटी, असे सहा फेरे. एकूण ४२ आठवडे, त्यात अभ्यासाचे ३६. वर्षाचे वर १० आठवडे उरतात, ते प्रवास, पाहुणे, आजारपण, कंटाळा यांच्या नावावर. घरात ताप शिरलाच तर सुटीचा आठवडा अलीकडे ओढायचा. अख्खं वर्ष लिहून काढत नाही, सुटीच्या आठवड्यात फक्त पुढच्या सहा आठवड्यांचं लिहिते. तारखा नाहीत. गणित १, गणित २, गणित ३, झालं की खूण. चार दिवस काही झालं नाही तर पाचव्या दिवशी जिथे होतो तिथूनच सुरू.

विज्ञान, भूगोल, चित्रकला, संगीत यांना वारही दिलेले नाहीत. एकाखाली एक नावं लिहिलीत, ज्याची पाळी असेल ते घ्यायचं, यादी संपली की पुन्हा वरून. 'मंगळवारी विज्ञान' असं ठरवलं की मंगळवार बुडाला, विज्ञान थेट पुढच्या मंगळवारी, आणि का कोण जाणे, बुडतो तो मंगळवारच. वाचन आणि गणित मात्र या फिरत्या यादीत घालू नका, ती थोडी थोडी पण वरचेवरच हवीत. एका बैठकीत घोटून घेण्यापेक्षा दिवसांवर पसरलेली उजळणी जास्त टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं.

हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: तुम्ही राहता तिथला कायदा पाहा. जर्मनीत होमस्कूलिंगला जवळजवळ परवानगीच नाही, काही ठिकाणी दिवस किंवा तास मोजून दाखवावे लागतात, काही ठिकाणी मुलांच्या कामाचे नमुने मागतात. त्यासाठी वेगळी साधी वही ठेवा आणि दिवस संपल्यावर जे झालं ते तिच्यात लिहा. तारीख घालायची तर इथे घाला, इथे ती कोणावर डोळे वटारत नाही. मुंग्यांची सकाळही विज्ञान म्हणून याच वहीत जाते.

धडे लांबवू नका. आठ वर्षांखालच्या मुलांचा धडा वीस मिनिटांच्या पुढे सहसा जाऊ नये, असं इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सांगून गेल्या. आमच्या धाकटीची हद्द दहा मिनिटांची. गोष्टी, भूगोल, निसर्ग दोघांना एकत्रच शिकवते, वेगळं फक्त वाचन आणि गणित. दोघांना सगळंच वेगळं शिकवायला गेलात तर दुपारपर्यंत तुमचाच घसा बसेल.

आणि पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण सोडवून घ्यायची सक्ती नाही. येतंय असं दिसलं की एक आड एक घ्या. अडलं तिथे थांबा, काड्या काढा, हव्या तितक्या वेळा. मोठ्याला ५२ वजा २७ चं बरोबर उत्तर, २५, कधी यायला लागलं ते मी लिहून ठेवलेलं नाही. सध्या तो ते उत्तर काड्यांशिवाय काढतो आणि धाकटीला जुड्या बांधायला शिकवतो, तिची मोजणी अजून दहापर्यंतही पोचलेली नसताना.